गोव्यात राहून बाइक रेसिंग: सुरुवात कुठून आणि कशी करायची

गोव्यात दुचाकी नसलेलं घर शोधावं लागेल. मोटारसायकल टॅक्सी चालवणारा पायलट ही इथली जुनी सोय, आणि वागातोरला इंडिया बाइक वीक हा बाइकवाल्यांचा मेळा भरायचा तेव्हा देशभरातले रायडर इथं उतरायचे. तरीही बाइक रेसिंगचा कायमचा डांबरी ट्रॅक गोव्यात एकही नाही. मग वेगाची हौस असलेला फोंड्याचा किंवा पेडण्याचा मुलगा रात्री अकरानंतर रिकाम्या चौपदरी रस्त्याकडे वळतो, आणि कधीतरी घरच्यांना बांबोळीच्या सरकारी इस्पितळातून फोन येतो. हे टाळून, नोकरीधंदा सांभाळून हा छंद कसा जोपासता येईल ते इथं क्रमाने सांगतो. घरच्या मोठ्यांनीही वाचलं तर बरं, कारण परवानगी शेवटी त्यांच्याकडेच मागायची आहे.

माझं ठाम मत आधीच सांगतो: या छंदात बाइक सगळ्यात शेवटी घ्यायची. आधी शिकवणी, मग अंगावरचे कपडे, मग भाड्याच्या बाइकवर ट्रॅकवरचा एक दिवस. एवढं करून हौस टिकली तर स्वतःची बाइक. बहुतेक जण नेमकं उलट करतात. हप्त्यावर चारशे सीसीची बाइक येते, हेल्मेट शोरूमने बाइकबरोबर दिलेलं असतं आणि हातमोजे घ्यायचे राहूनच जातात.

रस्ता आणि किनारा, दोन्ही बाद

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावणं किंवा वेगाची चाचणी घेणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पुन्हा सापडलात तर कैद वर्षभरापर्यंत आणि दंड १०,००० पर्यंत जातो. मुलगा अठराच्या आतला असेल तर कलम १९९अ लागतं: पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द.

कायदा बाजूला ठेवला तरी रस्ता रेसिंगसाठी बनलेलाच नसतो. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, वळणाबाहेर घसरायला मोकळी जागा असते, झेंडा दाखवायला मार्शल असतो आणि रुग्णवाहिका इंजिन चालू ठेवून उभी असते. आपल्या रस्त्यावर वळणापलीकडे गाय बसलेली असते, टिपरमधून सांडलेली खडी असते, पडलेली झावळी असते, आणि कडेला विजेचा खांब असतो. चोर्ला घाट किंवा अनमोड घाट सुंदर आहेत, पण शिकण्याची जागा म्हणून दोन्ही वाईट.

किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे आणि पोलीस गुन्हे नोंदवतात. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथं तर कासवं अंडी घालायला येतात. आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली भाड्याची बाइक या कामाला आणूच नका. ती दुसऱ्याच्या पोटापाण्याची गाडी आहे.

विम्याचं कलमही आजच वाचून ठेवा. वाहन विम्याच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. आरोग्य विम्यात धाडसी खेळांसाठी ‘एक्सक्लूजन ०९’ नावाचं प्रमाणित कलम असतं. त्यात मोटार रेसिंगचा नाव घेऊन उल्लेख आहे, पण व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यास, अशी अट आहे. हौशी रायडरला ते लागू होतं का, हे तुमच्या विमा कंपनीकडून लेखी घ्या. एजंटच्या ‘काळजी करू नका’ या शब्दाला दाव्याच्या दिवशी कोणी विचारत नाही.

पहिले काही आठवडे: रिकामं मैदान

सुरुवातीला रोजची शंभर-सव्वाशे सीसीची बाइक पुरते. कोमुनिदादीची, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीची जागा असो, शाळेचं मैदान असो की कारखान्याचं आवार, मालकाची परवानगी घ्या आणि सकाळी लवकर जा. रविवारी नऊनंतर तिथं क्रिकेट सुरू होतं. सोबत एक जण हवाच, त्याच्या फोनला रेंज असावी आणि १०८ ला जागा कशी सांगायची हे त्याला माहीत असावं. खुणांसाठी महागडे कोन नकोत. नारळाची सोडणं मांडली तरी चालतं, चाक त्यांवरून गेलं तरी बाइक उधळत नाही.

सराव तीनच, पण मनापासून.

पहिला ब्रेकचा. ताशी तीसला सरळ रेषेत येऊन थांबायचं. पुढच्या ब्रेकचा लिव्हर झटक्यात ओढायचा नाही, दाबत न्यायचा. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं आणि मगच त्या टायरला पकड मिळते. वजन येण्याआधीच ब्रेक आवळला तर चाक अडकतं. हळूहळू वेग वाढवा, आणि एक हिशेब डोक्यात ठेवा: कोरड्या चांगल्या डांबरावर ताशी ४० ला थांबायला साधारण ९ मीटर लागत असतील, तर ८० ला साधारण ३६ मीटर लागतात. वेग दुप्पट, अंतर चौपट. त्यात प्रतिक्रियेचा वेळ धरलेलाच नाही. ८० च्या वेगात एका सेकंदात २२ मीटर मागे पडतात.

दुसरा नजरेचा. दोन सोडणांभोवती इंग्रजी आठचा आकडा काढा आणि नजर पुढच्या चाकावर न ठेवता वळणाच्या शेवटाकडे ठेवा. मान वळली की खांदा वळतो आणि बाइक मागोमाग येते. खड्ड्याकडे बघत राहिलं की बाइक खड्ड्यातच जाते, हे प्रत्येक पायलटला ठाऊक असतं.

तिसरा हँडलचा. वेगात असताना उजवीकडे वळायला उजवं हँडल हलकंच पुढे ढकलायचं असतं. ऐकायला उलटं वाटतं, पण दुचाकी तशीच झुकते. रोज आपण नकळत हे करतो. जाणूनबुजून करायला लागलात की वळणात बाइक आपल्या हातात असते, बाइकच्या हातात आपण नसतो.

माती आधी, डांबर मग

ज्याला विचारता येईल त्याला मी मातीवर शिकायला सांगतो. मातीत पकड मुळातच कमी, त्यामुळे चाक घसरणं म्हणजे काय ते कमी वेगात कळतं आणि पडलं तरी सहसा खरचटण्यावर निभावतं. भारतातून पहिल्यांदा डकार या वाळवंटातल्या लांब पल्ल्याच्या रॅलीत बाइकवर उतरलेले सी. एस. संतोष (२०१५) आणि २०२४ मध्ये डकारची रॅली-टू श्रेणी जिंकलेला हरित नोआ, दोघेही मातीवरच्या सुपरक्रॉसमधूनच पुढे आले. संतोषने बंगळूरूजवळ कोलारच्या बाजूला बिग रॉक डर्ट पार्क ही शाळाही उभी केली. गोव्याहून एका लांब सुट्टीत जमण्यासारखं आहे.

गोव्यातला सडा, म्हणजे कातळाचं मोकळं पठार, पाहून मोह होतो, पण काही गोष्टी सांभाळा. जमीन खासगी असेल तर मालकाचा होकार हवा. खाणीची जागा बंद दिसली तरी मोकळी नसते. म्हादई किंवा मोलेच्या अभयारण्यात बाइक घालायचा विचारही नको. जुन्या चिरेखाणी तर सापळाच आहेत, कारण काठ उभा तुटलेला असतो आणि गवत वाढलं की दिसत नाही. जूनपासून पाऊस थांबेपर्यंत सड्यावरच्या दगडाला शेवाळ धरतं, तेव्हा तिकडे फिरकूच नका. दिवाळीनंतर मे महिन्यापर्यंतचा काळ चांगला.

मातीसाठी हीरो एक्सपल्स २०० सारखी हलकी बाइक पुरे. उभं राहून चालवायला शिका: गुडघ्यांनी टाकी धरायची, कोपर बाहेर, हँडलवर हात सैल. हात दुखायला लागले तर समजा, हँडल गरजेपेक्षा जास्त आवळलंय.

अंगावरचे कपडे

इथं कंजूषी नको, पण ब्रँडच्या मागे धावायचीही गरज नाही. लेबलवरचा मानक बघा.

हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का, म्हणजे आयएस ४१५१, कायद्यानं लागतोच. ट्रॅकसाठी त्याबरोबर ईसीई या युरोपीय मानकाचं २२.०५ किंवा शक्यतो २२.०६ असलेलं पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट घ्या. डोक्याला पीळ देणाऱ्या तिरक्या आघाताची चाचणी २२.०६ मध्ये आली आहे. पट्टा डबल डी-रिंगचा, म्हणजे दोन धातूच्या कड्यांतून ओवून आवळायचा असावा. क्लिपचा पट्टा बऱ्याच ट्रॅकवर तपासणीतच नाकारतात. माप असं बघा: गाल दाबले गेले पाहिजेत, कपाळापाशी बोट शिरता कामा नये, आणि पट्टा लावून मित्राने मागून वर ढकललं तरी हेल्मेट निघता कामा नये. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाद. आतला फोम एकदाच चेपतो आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून सेकंडहँड हेल्मेट कधीच नाही.

सूट लेदरचा, एकसंध किंवा कंबरेला पूर्ण गोल चेनने जोडणारा. नुसतं वर जॅकेट आणि खाली जीन्स चालत नाही, कारण घसरताना जॅकेट वर सरकतं आणि पाठ उघडी पडते. पाठीला ईएन १६२१-२ (हेही युरोपीय मानक) चा संरक्षक, शक्य असेल तर लेव्हल टू. छातीला ईएन १६२१-३, खांदे-कोपर-गुडघ्यांना ईएन १६२१-१. हातमोजे मनगटापलीकडे जाणारे आणि तळहाताच्या टाचेवर स्लायडर, म्हणजे घसरणारी कडक चकती असलेले, कारण पडताना माणूस आधी हात टेकतो. बूट घोट्याच्या वर, घोट्याला पीळ बसू न देणारे. मातीसाठी मात्र मोटोक्रॉसचे ताठ बूट, गॉगल आणि गुडघ्यांचे गार्ड हवेत. रस्त्याचे रेसिंग बूट तिथं उपयोगाचे नाहीत.

सूट जुना घ्यायला हरकत नाही, पण शिवण उसवलेली नको. आणि गोव्याची खास अडचण: पावसाळ्यात लेदरला बुरशी धरते. सूट प्लास्टिकच्या पिशवीत किंवा बंद कपाटात ठेवला की सप्टेंबरात हिरवा झालेला मिळतो. जाड हँगरवर, हवेशीर खोलीत ठेवा आणि अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसून लेदर कंडिशनर लावा. घामाने भिजलेला सूट उन्हात वाळवू नका, सावलीत पंख्याखाली ठेवा.

पहिला ट्रॅक दिवस

गोव्यातल्या माणसाला सोयीचे दोन जुने ट्रॅक. एक चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट, लांबी ३.७ किलोमीटर. दुसरा कोइम्बतूरजवळचा करी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटर. एस. करिवर्धन यांच्या नावावरून त्याला हे नाव पडलं. माझ्या मते लहान बाइकवर शिकायला करी जास्त चांगला: सरळ पट्टे आखूड, वेग आटोक्यात, आणि एका दिवसात वळणं अनेकदा हाताखालून जातात. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट पाच किलोमीटरहून लांब आणि फार वेगवान आहे, तिथं २०२३ ला मोटोजीपी झाली. नवख्याने तिथून सुरुवात करू नये.

पहिल्या खेपेला स्वतःची बाइक नेऊच नका. कोइम्बतूरला मडगावहून रेल्वेने जाता येतं. ज्या शाळा बाइक, सूट आणि प्रशिक्षक सगळं एकत्र देतात, तिथं नाव नोंदवा. बाइक आपटली तर किती भरायचं हे आधी विचारून घ्या, म्हणजे नंतर वाद नको. चेन्नईला कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलची सत्रंही होतात, पण ती थोडा अनुभव गाठीशी आल्यावर घेतलेली बरी.

दिवस साधारण असा जातो. सकाळी नोंदणी आणि कपड्यांची तपासणी, मग ब्रीफिंग, मग प्रशिक्षकाच्या मागे ओळखफेऱ्या, आणि पुढे पंधरा-वीस मिनिटांची सत्रं. अनुभव विचारतील तेव्हा सगळ्यात हळू गटाचं नाव द्या. इथं प्रतिष्ठा मध्ये आणू नका, दोन वर्षं गोव्यातला रस्ता गाजवलेला माणूसही वरच्या गटात गोंधळतो.

झेंडे पाठ करून जा. पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद. पिवळ्यावर लाल पट्टे असतील तर पुढे तेल किंवा घसरण आहे. निळा म्हणजे मागून वेगवान रायडर येतोय. आपली ओळ सोडू नका, तो आपली वाट काढेल. काळ्यावर नारिंगी गोल आणि तुमचा नंबर दिसला तर तुमच्या बाइकमध्ये बिघाड आहे, लगेच ओळ सोडून बाहेर या. लाल म्हणजे सत्र थांबलं, हळू वेगाने पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या बाइक थांबवायच्या जागेत परत. चौकटींचा दिसला की सत्र संपलं. पिटमध्ये वळताना किंवा बाइक अचानक मंदावली तर हात वर करा, म्हणजे मागच्याला कळतं.

वळणाचा क्रम एकच: सरळ असताना ब्रेक, बाहेरच्या कडेवरून आत वळणं, आतल्या कडेला स्पर्श, मग बाइक उभी होईल तसा अ‍ॅक्सिलरेटर आणि पुन्हा बाहेरची कडा. गुडघा जमिनीला टेकवायच्या मागे लागू नका. तो कसरत म्हणून टेकवायचा नसतो, झुकाव किती आहे हे कळण्यासाठी असतो, आणि शरीर नीट आत सरकलं की आपोआप टेकतो.

पडलात तर बाइक सोडून द्या. तिला धरून ठेवलं की तिच्याबरोबर उलटता. घसरताना हात आखडून घ्या, आणि पूर्ण थांबल्याची खात्री झाल्याशिवाय उठू नका, कारण वेगात असताना आपण थांबलो असं मेंदूला लवकर वाटतं. उठल्यावर ट्रॅककडे बघत मार्शलकडे निघा. बाइक उचलायला मागे जायचं नाही. डोकं आपटलं असेल तर बरं वाटत असलं तरी डॉक्टरकडे जा आणि त्या दिवशी पुन्हा बाइकवर बसू नका.

बाइक घेतलीत तर

टीव्हीएस अपाचे आरटीआर २००, यामाहा आर१५, केटीएम आरसी २०० यापैकी जुनी एक घ्या. लहान बाइकवर चूक झाली तर ती कळायला वेळ मिळतो. मोठ्या बाइकची ताकद तुमची चूक झाकून ठेवते, आणि मग एकदम दाखवते.

ट्रॅकवर नेण्याआधी आरसे, साइड स्टँड, साडी गार्ड, इंडिकेटर आणि नंबर प्लेट काढा. हेडलाइटच्या काचेवर चिकटपट्टी लावा, म्हणजे फुटली तरी तुकडे ट्रॅकवर पसरत नाहीत. लिक्विड कूलिंग असेल तर कूलंट काढून साधं पाणी भरा. ग्लायकॉल सांडलं की मागचे चार जण घसरतात. ऑइलचा ड्रेन बोल्ट तारेने बांधून घ्या. ब्रेक ऑइल नवीन, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की झटकन बंद होणारा, चेन मॅन्युअलमधल्या मापात ढिली. टायर किती झिजलाय एवढंच बघू नका, त्याचं वयही बघा. बाजूवर चार अंकी आकडा असतो, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा.

खाऱ्या हवेचा हिशेब गोव्यात वेगळा लागतो. ब्रेक कॅलिपरच्या पिना गंजून जाम होतात आणि पॅड एका बाजूनेच झिजतं. पिना काढून साफ करून ग्रीस लावायला सांगा. तांबड्या मातीत सराव केलात तर एअर फिल्टर प्रत्येक वेळी उघडा.

रस्त्याने चालवत चेन्नईला जाऊ नका. नऊशेच्या वर किलोमीटरनंतर शरीर ट्रॅकवर उभं राहत नाही, आणि तिथं बाइक पडली तर परत यायला साधन उरत नाही. रेल्वे पार्सलने पाठवायची तर टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, आरसीची प्रत लागते. दोघातिघांत एक पिकअप ठरवणं मला जास्त आवडतं. रॅचेट पट्ट्यांनी चार बाजूंनी ताणून बांधा, साइड स्टँडवर उभी ठेवून कधीच नको.

शरीराचंही थोडं. प्लँक, बैठका, मानेचे व्यायाम आणि आठवड्यातून दोनदा सायकल, एवढं पुरे. ट्रॅकवर उन्हात लेदर घालून बसणं हाच एक व्यायाम असतो, म्हणून पाणी आणि ओआरएस तहान लागण्याआधी प्या. आदल्या रात्री फेणी नाही. बीअरही नाही.

परवाना आणि पहिली शर्यत

काही ट्रॅक दिवस झाले, फेरीची वेळ एकसारखी यायला लागली आणि प्रशिक्षकाने मान डोलावली, की मग शर्यत. भारतात या खेळाची नियामक संस्था एफएमएससीआय म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया. स्पर्धेचा परवाना तीच देते, त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि अठराच्या आतल्या मुलाला पालकांची संमती. शाळेचं प्रमाणपत्र जपून ठेवा, ते इथं कामाला येतं. परवान्याबरोबर अपघात विमा मिळत असेल तर त्याची रक्कम आणि त्यात रुग्णालयाचा खर्च धरलाय का, दोन्ही विचारा.

राष्ट्रीय स्पर्धेत नवख्यांचा वेगळा गट असतो आणि मुलींसाठीही वेगळ्या शर्यती होतात. कंपन्यांच्या ‘वन मेक’ स्पर्धा मला सुरुवातीला जास्त योग्य वाटतात. टीव्हीएसची अशी मालिका १९९४ पासून आहे. सगळ्यांना एकसारखी बाइक मिळते, बाइक तयार करायचा खर्च आणि डोकेदुखी वाचते, आणि मागे पडलात तर बाइकला दोष देता येत नाही.

पहिल्या शर्यतीत ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, मागेच जागा मिळेल, ते चांगलंच आहे. लाल दिवे विझले की पहिल्या वळणापर्यंत सगळे एकाच जागेसाठी धावतात आणि बऱ्याच पडापडी तिथंच होतात. तिथं अर्धा सेकंद सोडून द्या. पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत समोरचे विरळ होतात, मग एकेकाचा ब्रेक पॉइंट बघत जा. जो आपल्याआधी ब्रेक लावतो त्याला सरळ पट्ट्याच्या शेवटी आतून गाठा, आणि जो आपल्यानंतर लावतो त्याला जाऊ द्या.